पांढऱ्या राखेचं मूळ गाव

माझ्या आत्याच्या घरातली पितळेची भांडी कधी काळवंडली नाहीत आणि त्याचं सगळं श्रेय ती स्वतःच्या मनगटाला द्यायची. खरं श्रेय नदीचं होतं. तिच्या शेताच्या खालच्या अंगाला कुकडीनं काठ उभा कापलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि त्याच्याखाली हातभर जाडीचा पांढरा पट्टा. गावातल्या बायका खुरप्यानं तो पट्टा खरवडून पाटीत भरून आणायच्या आणि त्यानं भांडी घासायच्या. पितळ, तांबं असं उजळायचं की देवाच्या तांब्यात तोंड दिसावं. पुढं घरोघरी स्टील आलं आणि त्यावर मात्र या मातीचे ओरखडे उठायला लागले. "पितळंला चालती, इस्टीलला न्हाई चालत," असं म्हणून आत्यानं विषय संपवला होता.

मी पुण्याला भूशास्त्र शिकून आले आणि तिला सांगितलं, की ही माती नाही, ही ज्वालामुखीची राख आहे. तिच्यात डोळ्याला न दिसणारे काचेचे तुकडे आहेत, म्हणून ओरखडे उठतात.

"म्हंजी मी इतकी वर्सं काचंनं भांडी घासती व्हय?"

"हो."

"मग बोट कसं कापलं न्हाई माझं?" ती म्हणाली आणि उरलेली पातेली घासायला लागली. मला तेव्हा राग आला होता. तेव्हा मला फार लवकर राग यायचा, आणि शिकलेल्या माणसाचं ऐकून घेत नाहीत म्हणजे काय, असं वाटायचं. पुढं कळलं, की शिकलेली माणसंही ऐकून घेत नाहीत. आत्यानं निदान एक रास्त प्रश्न तरी विचारला होता.

राख आहे हे ठरलेलंच होतं. ती कुठली, हा प्रश्न होता. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांचा काळा खडक ज्वालामुखीतूनच आलेला आहे, पण तो फार फार जुना. नदीचा हा गाळ त्या मानानं कालपरवाचा. त्या गाळात राख सापडते, म्हणजे डोंगर थंड होऊन युगं लोटल्यावर कुठंतरी काहीतरी पुन्हा फुटलेलं असणार. कुठं फुटलं? याचं उत्तर आमच्या सरांनी दिलेलं होतं.

सर जुन्नर तालुक्यातलेच. पलीकडच्या अंगाच्या एका लहान गावातले. त्यांच्या घरातून पुण्याला शिकायला गेलेले ते पहिले. पुढं तिथंच प्राध्यापक झाले. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याच डोंगरांत कुठंतरी उशिरानं एक लहानसं तोंड फुटलं असावं आणि ही राख त्याची. म्हणणं नीट मांडलेलं होतं, आणि ते मांडणारा माणूस या मातीतला होता. लोकांना ते मनापासून आवडलं. आपल्या तालुक्यात स्वतःचा ज्वालामुखी असणं कुणाला नको असतं? शाळांच्या संमेलनात सरांची भाषणं व्हायची. त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी शिकवायला लागले आणि तेच शिकवायला लागले. प्रश्नपत्रिकेत 'स्थानिक उगमाचे पुरावे लिहा' असा प्रश्न हमखास यायचा.

दुसरंही एक मत होतं, पण त्याला आमच्याकडं कुणी पाट मांडत नव्हतं. ते असं, की ही राख समुद्रापलीकडून, पार पूर्वेकडच्या एका बेटावरून आली. तिथं एक प्रचंड ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर इथवर येऊन पडली. सरांच्या विद्यार्थ्यांमध्ये यावर विनोद चालायचे. 'राख पासपोर्ट काढून आली काय' वगैरे. त्या हसण्यात मीही होते.

सर स्वतः मात्र हसायचे नाहीत. दर दिवाळीच्या सुट्टीत ते डोंगरात ते तोंड शोधायला जायचे. सगळ्यांनी मान्य केलेल्या गोष्टीचा पुरावा मान्यतेनंतरही शोधत राहणारा हा एकच माणूस मी पाहिला. तोंड काही सापडत नव्हतं. "झाडी माजली, दिसत नसेल," असं विद्यार्थी म्हणायचे. सर म्हणायचे, "नसेलही."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी घोडेगावला कॉलेजात शिकवायला लागले आणि सरांकडं पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय तोच, राख आणि आपल्या डोंगरांचं नातं. सरांनी सांगितलं, की नदीकाठानं वर वर डोंगराकडं जायचं, जिथं जिथं पांढरा पट्टा दिसेल तिथं तिथं नमुना घ्यायचा. तोंड जवळ आलं की राख जाड व्हायला हवी, कण मोठे व्हायला हवेत. चुलीजवळ निखारे पडतात आणि दूरवर फक्त धूर जातो, इतकं साधं ते तत्त्व.

सुट्टीच्या दिवशी मी घोडेगावहून मिळेल ती एसटी धरायची, पिशवीत खुरपं, कापडी पुरचुंड्या आणि आईनं दिलेली भाकरी. कंडक्टर खुरपं बघून म्हणायचा, "ताई, निंदायला निघाल्या का?" मी हो म्हणायची. मुक्काम बहुतेक आत्याकडं असायचा. तिच्या ओसरीवर मी कॉलेजकडून मागून आणलेला मायक्रोस्कोप मांडायची आणि आत्या त्यावर माशी बसू नये म्हणून जुन्या साडीचा पदर घालून ठेवायची. शेजारच्या बायका येऊन डोळा लावायच्या. राखेचे कण त्यात फुटक्या बांगडीच्या तुकड्यांसारखे दिसतात, वाकडे, पातळ, स्वच्छ. एका वहिनीनं बघून सांगितलं, की एवढ्या बांगड्या फुटल्या म्हणजे मोठंच भांडण झालं असणार.

काही वर्षांत भांडण मलाच दिसायला लागलं. डोंगराकडं जाताना कण मोठे होत नव्हते. वर घ्या, खाली घ्या, या नदीचे घ्या की त्या ओढ्याचे, सगळे सारखेच बारीक. सगळीकडं फक्त धूर, निखारा कुठंच नाही. जवळ चूल नसल्याचंच ते लक्षण होतं.

मी घाबरले. हे कुणी दुसऱ्यानं दाखवलं असतं तर मी त्याच्याशी हातघाईवर आले असते. पण मोजमाप माझंच होतं. एकीकडं माझा प्रबंध होता, ज्याच्यावर माझी कायमची नोकरी आणि घरात ऐकून घेतलेल्या सगळ्या टोमण्यांचं उत्तर अवलंबून होतं. दुसरीकडं सर होते, ज्यांनी मला एका अक्षरानंही कधी दुखावलं नव्हतं. मी बरेच दिवस त्यांच्यासमोर जाणं टाळलं. शेवटी तेच आत्याच्या घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी माझे नमुने एकेक करून बघितले, मग चष्मा काढून म्हणाले, "हे तू मला केव्हा सांगणार होतीस?"

मी म्हटलं, "सर, माझी पद्धत चुकली असेल."

"चुकली असती तर मला आनंद झाला असता. चुकलेली नाही." मग म्हणाले, "त्या बेटाची राख मागवू. नुसतं आपलं आपण बघून काय कळणार?"

पत्र त्यांनीच लिहिलं. परदेशातल्या एका ओळखीच्या अभ्यासकाकडून औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली पोस्टानं आली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. तीही सरांनी पुण्यात उघडली नाही, घेऊन आत्याकडं आले. काचेची ओळख पटवायची एक जुनी युक्ती आहे. वेगवेगळ्या जातीची तेलं घ्यायची आणि त्यात काचेचे कण टाकायचे. प्रत्येक जातीच्या काचेचं एक तेल ठरलेलं असतं. त्या तेलात पडली की ती काच दिसेनाशी होते, साखर पाण्यात जावी तशी. पण ती विरघळलेली नसते, फक्त दिसत नाही. दोन नमुने एकाच तेलात दिसेनासे झाले, तर ते एका घरचे असण्याची दाट शक्यता.

सरांनी कुकडीची राख एका तेलात टाकली. दिसेनाशी झाली. बेटाची टाकली. तीही दिसेनाशी झाली. मग त्यांनी मला काहीच न सांगता सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. आत्या दारात उभी होती.

"काय झालं, सर?"

"माझं चुकलं होतं, ताई. ही राख इथली नाही."

आत्या म्हणाली, "चुकलं तर चुकलं. लेकराबाळांचं काय वाईट झालं का त्यानं? न्हाई ना. च्या टाकते." आणि खरंच चहा टाकला. सर हसले. मी मात्र मायक्रोस्कोपमागं तोंड लपवून रडत होते, आणि ते दुःखानं नव्हतं. आयुष्यभराचं म्हणणं असं हातावरचं पीठ झटकावं तसं सोडून देणारा माणूस आपला गुरू आहे, याचं ते होतं. आजही त्या दिवसाची आठवण आली की मला माझं नशीब फार मोठं वाटतं.

मला वाटलं, झालं. ज्यानं म्हणणं मांडलं त्यानंच मागं घेतलं, आता उरलं काय? इथं माझा अंदाज साफ चुकला.

पुण्यातल्या एका बैठकीत सर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की माझं स्थानिक उगमाचं मत मी सोडतो आहे, आणि का सोडतो आहे तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. पण त्या सरांच्या वयाला होत्या. चहाच्या वेळी त्यांचे जुने विद्यार्थी आपसांत बोलत होते, की सर थकले. एक जण म्हणाला, "सरांचा मोठेपणा बघा, विद्यार्थिनीचं मन राखायला स्वतःचं मत सोडलं." म्हणजे मी सरांना फितवलं होतं आणि सर भोळे होते. सरांचं मत सरांपासून वाचवायला ही मंडळी कंबर कसून उभी राहिली.

यात सगळ्यांत पुढं होते सरांचे पहिले विद्यार्थी. मी त्यांना मनात 'थोरले' म्हणायची, कारण सरांच्या घरी त्यांचा मान थोरल्या मुलासारखाच होता. ते तेव्हा विभागप्रमुख होते आणि माझा प्रबंध तपासणाऱ्यांतही होते. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "सरांनी उभ्या आयुष्यात जे उभारलं ते तुमच्या चार पुरचुंड्यांनी पडणार नाही. प्रबंध पुन्हा लिहा." मी तिथं काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. सरांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की उत्तर चांगलं होतं, पण आवाज खाली चालला असता.

मी सरांना विचारलं, "तुम्ही स्वतः सांगताय, तरी यांना पटत कसं नाही?"

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. छप्पनच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि देव्हाऱ्यातले देव नेऊन नदीत सोडले. वडिलांना पूर्ण पटलेलं होतं. आईलाही पटलेलं होतं, बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या. पण पुढं कित्येक वर्षं सकाळी चूल पेटवली की तिची मान त्या रिकाम्या कोनाड्याकडं वळायची. कुणी बघितलं की ती चिडायची. "देव एका दिवसात गेले," सर म्हणाले, "मान वळायची राहायला माझं लग्न व्हावं लागलं. वडील तिला कधी बोलले नाहीत. म्हणायचे, तिचं मन केव्हाच आलंय, मान येईल मागनं."

"म्हणजे मी वाट बघू?"

"वाट बघ. पण हात जोडून नको बसू."

प्रबंध अडकलेला, घरी सगळे हवालदिल. आत्यानं ओझरच्या विघ्नहराला माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं, काय ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. अशात आमच्या महाळुंगे पडवळला मी घरी गेले होते. यात्रेचे दिवस होते आणि वडील बैलगाड्यांच्या शर्यतीचे जुने शौकीन. आमच्याकडं घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, गाडे एकदम पळत नाहीत. एकेक गाडा आपल्या बारीला चढण चढतो आणि त्याला किती सेकंद लागले त्यावरून नंबर लागतो. त्यामुळं सगळा खेळ घड्याळ कुणाच्या हातात यावर असतो. वडिलांच्या मंडळींचा एक रिवाज होता. आपल्या बैलांच्या बारीला घड्याळ आपल्या माणसाकडं द्यायचं नाही. ज्या गावाच्या बैलांशी आपली चुरस आहे, त्याच गावच्या जाणत्या पाहुण्याच्या हातात द्यायचं.

मी लहानपणापासून ते बघत आले होते, पण त्या दिवशी वडिलांना विचारलं, की असं का?

"आपल्या माणसानं नंबर दिला तर आपलं गाव नाचतं," वडील म्हणाले. "चुरशीच्या पावण्यानं दिला तर तालुका मानतो. अन् त्यो पावणाबी इमान राखतो बरं का. हातात घड्याळ आलं की मानूस खोटं बोलायला लाजतो."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली. सरांना म्हटलं, घड्याळ थोरल्यांच्या हातात देऊ.

आम्ही पुड्या बांधल्या. कुकडीची राख, बेटाची राख, आणखी एका परक्या देशातल्या ज्वालामुखीची राख, आमच्या डोंगरातली काळपट काच आणि सोड्याच्या बाटलीचा वाटलेला चुरा. शेवटची पुडी माझा खोडसाळपणा होता, सरांनी चालू दिला. पुड्यांवर फक्त खुणा, त्या मी एकटीनं घातलेल्या, कुठली काय ते सरांनाही माहीत नाही. ती उत्तरं मी एका तिसऱ्याच प्राध्यापकांकडं बंद ठेवली. सरांनी थोरल्यांना विनंती केली, की तेलात बघून एवढंच सांगा, यातली कुठली कुठलीच्या घरची.

थोरल्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांना डाव कळत होता. पण ते हो म्हणाले, आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर बसला तो पुढं कधी उतरला नाही. भर प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात ते बसले. काळपट काच बघताक्षणी बाजूला काढली. सोड्याच्या बाटलीपाशी आले तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही कुणीतरी गोळी सोडा पिऊन टाकलेली आहे." सगळे हसले. उरल्या तीन पुड्या. त्यांच्यावर ते फार वेळ बसले. तेलं बदलली, पुन्हा बदलली. शेवटी दोन पुड्या जवळ सरकवून म्हणाले, "या दोन एकाच घरच्या. तिसरी परकी."

प्राध्यापकांनी चिठ्ठी उघडून वाचली. थोरल्यांनी जवळ सरकवलेल्या दोन पुड्या कुकडीच्या आणि बेटाच्या होत्या.

 थोरल्यांनी तेलाच्या बाटल्यांची बुचं एकेक करून लावली, सरांना नमस्कार केला आणि गेले. काही दिवसांनी निरोप आला, प्रबंध मान्य. सोबत त्यांचा अभिप्राय होता, की काम निर्दोष आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुमच्या तालुक्यात एका बारीवर घाटाचा राजा ठरतो का?"

मी खरं ते सांगितलं. नाही ठरत.

"मग आणखी बाऱ्या होऊ द्या."

तेव्हा मी चरफडले होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरी मान्य नाही म्हणजे काय? आज मला तो माणूस बरोबर वाटतो. त्यांनी नुसती हरकत घेऊन मला सोडलं नाही, रस्ता दिला. त्यांच्या त्या 'नाही'मुळं मी पुढची कित्येक वर्षं नद्या पालथ्या घातल्या. दुसऱ्यांनीही घातल्या. देशातल्या इतर नद्यांच्या काठांवर तशीच राख मिळत गेली, तशाच बारीक कणांची, जिथं जवळ कुठला ज्वालामुखी असण्याचा संभवच नाही. एकेक बारी होत गेली. राखेचं वय नेमकं किती यावर अजून जाणती माणसं भांडतात आणि मी त्यात पडत नाही. पण ती समुद्रापलीकडची, याला हळूहळू कुणी हरकत घेईनासं झालं.

कुणी हार मान्य केली, असं कधी झालं नाही. तसा दिवस येईल, असं मला आधी वाटायचं. लोक उभे राहून म्हणतील, बाई, तुमचं खरं होतं. तसं काही नसतं. प्रश्नपत्रिकेतून तो स्थानिक उगमाचा प्रश्न एका वर्षी गळला. विनोद करणारे निवृत्त झाले. नवी मुलं आली, त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या, कारण त्यांचं कुठल्याच बाजूला घर नव्हतं. आणि एकदा नारायणगावच्या स्टँडवर थोरले भेटले. सोबत त्यांचे विद्यार्थी होते, बोलता बोलता त्यांना सांगायला लागले, की ही राख बेटावरची, हे तर उघडच आहे. जणू जन्मापासून तेच म्हणत आले होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते. मी गिळले, हे मला सरांनीच शिकवलं होतं. सरांना जाऊन सांगितलं तर ते इतके खूश झाले की त्यांनी मला दुसरा चहा पाजला. "मान आली मागनं," म्हणाले.

सर निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे, गुडघे गेले होते, काठी आली होती. एकदा त्यांनी फोन करून सांगितलं, की मला एकदा पट्टा दाखवून आण. मी त्यांना आत्याच्या गावी घेऊन गेले. काठावर पोचलो तर तिथं कुठल्याशा कॉलेजची सहल आलेली. एक तरुण प्राध्यापक पट्ट्यावर हात ठेवून मुलांना शिकवत होता. मी शिकवलं असतं त्याहून चांगलं शिकवत होता. बारीक कण, तेलाची युक्ती, बेट, वारा, सगळं. सर काठीवर भार देऊन मागं उभे राहून ऐकत होते. आम्हाला ओळखण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

त्याचं संपल्यावर सरांनी विचारलं, "पण ही राख इथल्याच डोंगरातली कशावरून नसेल?"

तो हसला. उद्धट नव्हता, समजूतदार हसला. "काका, पूर्वी तसं म्हणायचे कुणीतरी. पण त्यांनीच नीट तपासलं नव्हतं बहुतेक. आता कुणी तसं मानत नाही."

माझं डोकं सटकलं. त्यांनीच नीट तपासलं नव्हतं? या माणसानं दिवाळ्या डोंगरात घालवल्या. स्वतःची चूक स्वतः मागवून घेतली, पत्र लिहून, पदरचं टपाल लावून. मी पुढं झाले, तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला. म्हातारपणातही पकड चांगली होती.

"अच्छा," सर त्याला म्हणाले. "म्हणजे आता यावर भांडण नाही?"

"भांडण कसलं, काका? साधी गोष्ट आहे." आणि तो मुलांना घेऊन बसकडं गेला.

सर त्या पट्ट्यासमोर उभेच राहिले. मी बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा असा, की परीक्षेत पोरगं पहिलं आल्यावर बापाचा होतो. मी अजून रागातच होते. म्हटलं, "सर, तुम्ही कोण ते मला सांगू का नाही दिलं? निदान त्याला कळलं तरी असतं."

"अगं, कळलं असतं तर तो वाकून पाया पडला असता," सर म्हणाले. "आणि मग माझ्या मानाखातर म्हणाला असता, की सर, तुमच्याही म्हणण्यात तथ्य आहे."

त्या मानापायीच एक चूक इतकी वर्षं टिकली होती, आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरून चढण चढून वर आले.

सर आता नाहीत. मी वर्गात राख शिकवते तेव्हा पूर्वी लोक काय समजत होते ते सांगते, ते कसं बदललं ते सांगते, चुरशीच्या पाहुण्याच्या हाती घड्याळ कसं दिलं तेही सांगते. मुलं विचारतात, ते सर कोण? माझ्या जिभेवर नाव येतं. माझ्या आयुष्यात इतकं ऋण मी दुसऱ्या कुणाचं बाळगत नाही, आणि ते फेडायची मला माहीत असलेली एकच रीत आहे, म्हणून मी ते नाव घेत नाही. इथंही घेतलेलं नाही.